मूर्तीची पाठ मोजणारा माणूस

भालेराव सर,

प्रज्ञाचा फोन सकाळी आला. "ताई, बाबा गेले. झोपेतच गेले," एवढंच बोलली. खरं सांगते, मला रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज वाटायलाही थोडा वेळ गेला. मग प्रज्ञाच म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण मला बरं वाटतंय. श्वासासाठी किती धडपडत होते ते." तेव्हा मीही मोकळी झाले.

तुमचा त्रास संपला म्हणून सुटल्यासारखं वाटलं, हे तर आहेच. पण त्याहून जास्त यासाठी की जे बोलायचं होतं ते आपण तीन आठवड्यांपूर्वी बोलून घेतलं होतं. ते राहून गेलं असतं तर हा फोन मला झेपला नसता.

तरी एक गोष्ट राहिलीच. ती आता सांगते. तुमचा पहिला अर्ज मी वाचलाच नव्हता.

नौपाड्यातल्या आमच्या छोट्या न्यासाचं काम तुम्हाला माहीतच होतं. गावोगावी उघड्यावर, झाडाखाली, पत्र्याच्या देवळात जुन्या मूर्ती आणि कोरीव दगड पडलेले असतात. त्यांची कुठे नोंद नसते. चोरीला गेले तर आमचेच आहेत हे सिद्ध करायला गावाकडे एक धड फोटोही नसतो. म्हणून अशा नोंदी करणाऱ्यांना, राखण करणाऱ्यांना आम्ही निधी देतो. अर्ज छाननीचं काम माझ्याकडे. तुमच्या अर्जावर लिहिलेलं होतं, 'निवृत्त ड्राफ्ट्समन, मोहने.' संस्था नाही, पुरातत्त्वाची पदवी नाही. सोबत पुठ्ठ्याची एक लांब नळी होती. मी ती उघडली नाही. ठरावीक नकाराचं पत्र जोडून ती परत पाठवून दिली.

दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः आलात. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत तीच नळी. म्हणालात, "मॅडम, नकार द्या, पण मी समजावतो तसं एकदा परत बघून द्या." आणि टेबलावरचा माझा कीबोर्ड बाजूला सरकवून ट्रेसिंग पेपर उलगडलात. टिटवाळ्याकडच्या एका माळावरचा वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला कोरीव दगड. समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून काढलेला. प्रत्येक टवका, प्रत्येक चीर, पट्टीने मोजलेली.

"मागून कशाला? मागे तर काहीच कोरलेलं नाही," मी विचारलं.

"म्हणूनच. चोर पुढून घासतो, रंग लावतो, नाक फोडतो. पाठीकडं कोण बघत नाही. मशीनचा पार्ट ओळखायचा असला तर आम्ही खालच्या बाजूच्या खुणा बघायचो."

तुमचा कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, पण तुम्ही 'आम्ही' म्हणताना तो अजून चालू असल्यासारखं वाटायचं. तुमची फाइल मी त्याच आठवड्यात मंडळापुढे ठेवली. तुम्ही समजलात, नळी आधीही उघडून पाहिली असेल आणि मॅडमना पटली नसेल. मी तो समज तसाच राहू दिला. माफ करा.

खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात आपण पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवतोय? कोलशेतच्या पुढे रस्ता संपतो, टॉवर मागे राहतात आणि एकदम चिखलाचा आणि सुकटीचा वास येतो. देवीची किल्ली हिराबाईंकडे. त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडे आलेली. त्यांनी तुम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सरळ विचारलं, "तुमी तं बुद्धाचे ना? आमच्या आईचा काय करनार?"

"मोजणार."

"मोजून काय व्हनार?"

"हरवली तर शोधता येईल."

"हरवाला ती काय बकरी हाय?"

मी घाबरले. तुम्ही मात्र हसलात आणि ओट्यावर बसून राहिलात. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही बसून राहिलात. तिसऱ्यांदा त्यांनी चहा दिला. चौथ्यांदा किल्ली काढली. गावातल्या पुरुषांना बाहेर घालवलं, मूर्तीची साडी उतरवली, तेलाच्या बोळ्याने दगड पुसला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तुम्हीही पुरुषच. "डोले खाली ठेवून मोजा," त्या म्हणाल्या. तुम्ही खरंच मान खाली घालून, बोटांनी चाचपत पट्टी लावत गेलात. हिराबाई आकडे वाचत होत्या आणि मी लिहीत होते. पाठ आली तेव्हा त्यांनी परवानगी दिली, "आता बघा." काळ्या दगडाची, दीड हात उंचीची उभी बाई. उजव्या खांद्याखाली तिरका ओरखडा. कमरेजवळ एक बारीक भोक, कधीकाळी कुणीतरी शिसं ओतून बुजवलेलं. खाली डाव्या कोपऱ्यात तिकोनी टवका. हिराबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "इतके वर्सांत आईची पाठ मीच नीट बघितली नव्हती."

परत येताना मी तुम्हाला विचारलं होतं, कशासाठी करता हे? रिक्षाच्या आवाजात तुम्ही मोठ्याने सांगितलंत, "लहानपणी गावच्या देवळाच्या बाहेर उभं राहायचो. आत काय आहे ते दिसायचं नाय. आता हे लोक मला आत बोलावतात, वर पाठ पण बघू देतात. मॅडम, मी जो दगड मोजला, तो माझा पण झाला."

मग आपलं भांडण झालं. आमच्या मंडळाची अट होती की निधीतून झालेली प्रत्येक नोंद वेबसाइटवरच्या नकाशावर, ठिकाणासकट, सगळ्यांना बघायला खुली ठेवायची. अट मंडळाची, पण लिहिली होती मीच, आणि माझा त्यावर विश्वास होता. लोकांना माहीतच नसेल तर जपणार कोण? तुम्ही ऑफिसात उभ्यानेच बोललात. "किल्ली कुठं ठेवलीय ते दारावर लिहून ठेवाल का तुम्ही?" मी म्हणाले, "सर, लपवून ठेवलेल्या गोष्टीच जास्त चोरीला जातात." तुम्ही म्हणालात, "हे तुम्ही कागदावर बघून बोलताय." मी चिडले. म्हणाले, "अट मान्य नसेल तर दुसरा हप्ता अडकेल." हे वाक्य मी बोलायला नको होतं. तुम्ही खिशातलं पेन काढलंत, सही केलीत आणि चहा न घेता गेलात.

नकाशा लागला. आठ महिन्यांनी मूर्ती गेली.

तुम्हीच फोन केलात. "या," एवढंच म्हणालात. मी पोचले तेव्हा देवळाचं कुलूप कापलेलं होतं, ओट्यावर शेंदराच्या खपल्या पडल्या होत्या आणि साडी घडी न करता कोपऱ्यात टाकलेली होती. बायका बाहेर बसल्या होत्या. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. हिराबाई किल्ली हातात धरून बसल्या होत्या. मला ते बघवेना. मी देवळामागे जाऊन रडले. तुम्ही मागून आलात आणि पहिल्यांदाच एकेरीत बोललात. "मॅडम, रडू नकोस. तू चहा घे आधी." त्या दिवसापासून 'मॅडम' आणि 'तू' दोन्ही एकत्र राहिलं. प्रज्ञाला त्याचं फार हसू यायचं.

मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय. माझ्या नकाशामुळे झालं हे कळलंय आणि तुम्ही मोठ्या मनाने गिळताय. त्याच संध्याकाळी मी कुणाला न विचारता नकाशा उतरवला. मंडळाला नंतर सांगितलं. तुम्हाला मात्र काहीच बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. तुम्ही काम चालू ठेवलंत, पण बदललात. कुणी अनोळखी माणूस जवळ येऊन चौकशी करायला लागला की वही मिटायचात. ठाकुर्लीला ज्या टपरीवर तुम्ही तासन्‌तास गप्पा मारायचात तिथे जाणं सोडलंत. मला वाटायचं, हा राग माझ्यावरचा आहे.

एक मात्र तुम्ही लगेच केलं होतं. तक्रार नोंदवताना पोलिसांना सगळी रेखाटनं दिलीत, पाठीच्या प्रती दोन. ती पुढे बंदरांपर्यंत गेली. दीड वर्षाने तिथून फोटो आले. परदेशी निघालेल्या मालात, बागेत ठेवायच्या नव्या मूर्ती म्हणून नोंदवलेल्या पेट्यांमध्ये, एक दगड तपासणाऱ्याला जड वाटला होता.

तुम्ही, मी आणि हिराबाई, आपण तिघं बंदरातल्या त्या गोदामात गेलो. तुम्हाला तेव्हाच दम लागत होता. जिन्याच्या पंधरा पायऱ्यांवर तुम्ही तीनदा थांबलात. मूर्ती टेबलावर उभी होती. तोंडाला सिमेंटचा थर, त्यावर पांढरा रंग, नाक नवं बसवलेलं. विकणाऱ्याकडे कागद होता की ती दुसऱ्या राज्यातल्या एका घरातून रीतसर विकत घेतलीय. इन्स्पेक्टरांनी हिराबाईंना विचारलं, "ओळखता?"

हिराबाईंनी खूप वेळ पाहिलं. मग मान हलवली. "ही आमची नाय गो. हिचा तोंड नाय तसा."

इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, संपलं. जिची मूर्ती तीच नाही म्हणतेय, पुढे कोण काय करणार?

तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत. एवढंच म्हणालात, "साहेब, तिला फिरवा."

दोन शिपायांनी मूर्ती फिरवली. पाठीवरही रंग होता, पण पातळ, घाईत मारलेला. तुम्ही पट्टी काढलीत, मला दिलीत आणि वहीत न बघता आकडे सांगायला लागलात. मी मोजत गेले. ओरखडा, तळापासून इतका. बरोबर. टवक्याच्या तिन्ही बाजू. बरोबर. "आता कमरेजवळ नखानं खरवड." मी खरवडलं. रंगाखालून शिसं चमकलं. इन्स्पेक्टरांनी तुमचं रेखाटन हातात घेतलं, एकदा कागद बघितला, एकदा दगड, आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं. हिराबाई पुढे आल्या. त्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं आणि मूर्तीच्या पाठीला कपाळ टेकवून ओक्साबोक्शी रडायला लागल्या. "आई, माज्याच्यानी तुला वलखता नाय आला."

तुम्ही त्यांना म्हणालात, "हिराबाई, तोंड बदललं की माणूसपण ओळखू येत नाय. तुमची काय चूक?" मी तिथेच उभी होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

परतीच्या वाटेवर आपण पुन्हा भांडलो. मी म्हणाले, आता तरी संग्रहालयात ठेवू या, काचेत, पहाऱ्यात. तुम्ही म्हणालात, "काचेत तिला तेलाचा बोळा कोण लावणार?" मी म्हणाले, तेलाने दगड खराब होतो. तुम्ही म्हणालात, "आणि एकटेपणानं?" सर, हे भांडण मला अजून मान्य नाही. तुम्ही दम लागल्याचं निमित्त करून ते जिंकलात. पुन्हा भेटलात तर मी तिथूनच सुरू करणार आहे.

मग तुम्ही जाण्याच्या तीन आठवडे आधीची ती दुपार. आरोपपत्र तयार झालं म्हणून एका सहीसाठी मला बोलावलं होतं. सही करताना मी इन्स्पेक्टरांना धीर करून विचारलं, "त्यांना देऊळ कसं कळलं? आमच्या नकाशावरून?" उत्तराची मला इतकी भीती वाटत होती की मी त्यांच्याकडे न बघता विचारलं. ते सहज म्हणाले, "लादीवाला. देवळात लाद्या बसवायचा अंदाज द्यायला एक जण आलेला, गावानेच बोलावलेला. मापं घेताना त्याने मूर्ती बघितली, पुढे खबर दिली. नकाशाबिकाशा? मॅडम, ते कॉम्प्युटर उघडणाऱ्यातले नाहीत."

मी तशीच मोहन्याला आले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात, नाकाला नळी. काकू स्वयंपाकघरात होत्या, प्रज्ञा डबा आवरत होती. मी चप्पल काढता काढताच बोलायला लागले. "सर, माझ्या नकाशामुळे नाही गेली. लादीवाल्याने सांगितलं. दोन वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला सही करायला लावली आणि..."

तुम्ही विचारलंत, "चेकचा शर्ट घालणारा, ठाकुर्लीचा, तो नाय?"

"कोण ठाकुर्लीचा?"

"टपरीवर भेटायचा. देवळांवर पुस्तक लिहितो म्हणाला. मॅडम, माझं कोण ऐकून घेतच नव्हतं. यानं तासभर ऐकलं. मी त्याला सगळं सांगितलं. किती जुनी असेल, कुलूप कसलं आहे, सगळं. चोरी झाली आणि त्यानंतर तो दिसला नाय. मला वाटलं, मीच..."

"तो नव्हता, सर. कागदावर सगळी नावं आहेत. तो त्यात नाही."

"नक्की?"

"नक्की."

तुम्ही डोळे मिटलेत. मला भीती वाटली. मग तुमचे खांदे हलायला लागले आणि मला कळलं की तुम्ही हसताय. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, प्रज्ञा धावत आली. "काय झालं बाबा?" तुम्ही हाताने तिला थांबवलंत. म्हणालात, "काय नाय ग. आम्ही दोघं दोन वर्षं एकमेकांना घाबरून होतो." काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणून जेवण उतरत नव्हतं होय यांना. मला सांगायचे, ॲसिडिटी आहे." त्या दिवशी तुम्ही दोन पोळ्या खाल्ल्यात. मीही खाल्ल्या. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

आणि तुमच्यावरचं एक ओझं तर फारच गमतीशीर निघालं. परवा प्रज्ञाला तुमच्या कपाटात टपालाने आलेलं एक पातळ पुस्तक मिळालं. आजूबाजूच्या देवळांवरचं. त्या चेकच्या शर्टवाल्याने खरंच लिहिलंय. आत तुमचे आभार मानलेत आणि नावाचं स्पेलिंग चुकवलंय. पाकीट तुम्ही फोडलेलंच नव्हतं.

त्या दुपारच्या थोडं आधीच कोर्टाच्या आदेशाने मूर्ती गावात परतली होती, तेव्हा तुम्ही येऊ शकला नाहीत. प्रज्ञाने मोहन्यात फोन धरला, मी देवळात. सिमेंट काढून झालं होतं. चेहरा पूर्वीसारखा होता, नाक मात्र कायमचं गेलं. सगळे तुम्हाला चेहरा दाखवायला धडपडत होते, बायका फोनपुढे गर्दी करून तुमची तब्येत विचारत होत्या, आणि तुम्ही पलीकडून ओरडत होतात, "भिंतीला चिकटवू नका! मागं हात जाईल एवढी जागा ठेवा!" गवंड्याने थापलेलं सिमेंट पुन्हा काढलं. हाताचा पंजा जाईल एवढी जागा सोडली. जाळी बसली, दोन कुलपं लागली आणि किल्ल्या आता पाच घरांत आहेत. आमच्या मंडळाने अटही बदलली. नोंद करायची, पण ठिकाण बंद पाकिटात. राखण करणाऱ्या बायकांना मानधन द्यायचं. मसुदा मी लिहिला. तुम्ही असतात तर तीन चुका काढल्या असत्यात. म्हणून मी तो चौथ्यांदा वाचला आणि दोन काढल्या.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. मोहन्याच्या विहारात. तुमच्या कारखान्याचे जुने सोबती होते, शेजारपाजार होता, आणि वंदना सुरू व्हायच्या आधी दारात एक टेम्पो थांबला. कोळीवाड्यातल्या अकरा बायका उतरल्या, डोक्यात फुलं, अंगावर ठेवणीतली लुगडी. त्या पुढे जाऊन बसल्या. पाली शब्द कळत नव्हते तरी शेवटपर्यंत हात जोडून बसल्या.

जेवणानंतर हिराबाईंनी प्रज्ञाला बाजूला घेतलं. "सरांचा एक फोटू दे. देवलान लावतूं, आईच्या बाजूला."

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "मावशी, नको. बाबांना ते पटलं नसतं. देवळात फोटो, हार, ते त्यांना चालायचं नाही."

मला वाटलं, त्या दुखावतील. हिराबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "खरा हाय. मंग असा करूं. माज्या पोराची नवी होरी येतेय. तिच्यावर नाव टाकतूं. होरीवर तं चालंल ना?"

प्रज्ञा म्हणाली, "मावशी, बाबा आयुष्यात कधी होडीत बसले नाहीत. पाण्याला घाबरायचे."

"मंग तं टाकाचाच," हिराबाई म्हणाल्या. "आता काय बुडतान थोरीच?"

आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा प्रज्ञा खळखळून हसली. काकूही हसल्या. सगळं विहार वळून बघायला लागलं. रंगाऱ्याला 'भालेराव सर' लिहायला सांगायचं की नुसतं 'सर', यावर त्या तिघी बोलत राहिल्या, आणि मी बाहेर येऊन चप्पल शोधता शोधता पोटभर रडून घेतलं.